मागवायचं काय, कधी आणि कुणाकडून?

संगणकावर ब्राउझर उघडा, एखाद्या मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जा आणि एफ-१२ ही कळ दाबा. खिडकीच्या कडेला एक कप्पा उघडेल. त्यातलं 'नेटवर्क' हे दालन निवडून पान पुन्हा लोड करा. आता ओळींवर ओळी पडायला लागतील, आणि प्रत्येक ओळ म्हणजे ब्राउझरने कुठल्या तरी सर्व्हरकडे केलेली एक मागणी असेल. तुम्ही पत्ता एकच टाकला होता. मागण्यांचा आकडा मात्र बातम्यांच्या पानावर सहज शंभरी ओलांडतो. त्यात बातमीचा मजकूर असतो, मांडणी ठरवणाऱ्या फायली असतात, फाँट, फोटो आणि जावास्क्रिप्टचे तुकडे असतात, आणि ज्यांचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं अशा जाहिरात कंपन्यांचे पत्तेही असतात.

यातली कुठली मागणी आधी जायची, एका वेळी किती जायच्या, कालची प्रत चालेल की ताजी आणायची, सर्व्हरचा पत्ता कुणाला विचारायचा, तुम्ही अजून न उघडलेलं पान आधीच मागवून ठेवायचं का, हे सगळं ब्राउझर पापणी लवायच्या आत ठरवतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयासाठी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कधी ना कधी एक बटण, एक चौकट किंवा एक आकडा होता. काही आजही आहेत, काही लपवले गेले, काही काढून टाकले गेले. हा कारभार वापरणाऱ्याच्या हातात किती द्यायचा, यावर ब्राउझर बनवणाऱ्यांचं मत गेल्या तीस वर्षांत बरंच बदललं आहे. कुठे ते बरोबर बदललं आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात चित्रांपासून झाली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तयार केलेला मोझॅक हा ब्राउझर १९९३ मध्ये आला आणि मजकुराच्या मधोमध चित्र दिसण्याची सोय त्याने सर्वतोमुखी केली. त्याच्या थोडंच आधी, १९९२ मध्ये, कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला लिंक्स हा ब्राउझर निव्वळ अक्षरांचा होता. तो आजही तसाच आहे आणि आजही चालतो. मोझॅकने चित्रं आणली तसा ती थोपवून धरण्याचा पर्यायही आणला. पुढे नेटस्केपच्या 'ऑप्शन्स' या यादीत 'ऑटो लोड इमेजेस' अशी एक ओळ असे. तिच्यापुढची खूण काढली की चित्राच्या जागी छोटं चिन्ह दिसे, आणि हवं तेवढंच चित्र क्लिक करून मागवता येई.

ही चैन नव्हती. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर १०० केबीचा एक फोटो उतरायला अर्धा मिनिट लागतो, आणि तोही टेलिफोनची लाइन चांगली असेल तर. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा स्वस्तातलं खातं 'शेल' खातं होतं, म्हणजे पडद्यावर नुसती अक्षरं. ज्यांच्याकडे चित्रं दिसणारं महागडं खातं होतं त्यांनाही खात्यातले तास संपत असत आणि टेलिफोनचं बिल वेगळं येत असे. अशा वेळी चित्रं बंद करणं म्हणजे सरळ सरळ पैसे वाचवणं होतं.

नेटस्केपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये याहून गमतीशीर दोन चौकटी होत्या. एकीत लिहायचं, एका वेळी किती कनेक्शन उघडायची. आधीपासून तिथे ४ असे. दुसरीत बफरचा आकार. चार कनेक्शन म्हणजे चार फायली बरोबरीने उतरत, आणि नेटस्केप चपळ वाटण्याचं हे एक मोठं कारण होतं. पण आकडा वाढवला की सर्व्हरवरचा भार वाढतो. हजारो लोकांनी आपापल्या चौकटीत ४ च्या जागी १५ लिहिलं तर त्या काळचा सर्व्हर कोलमडायला वेळ लागला नसता. म्हणून वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी लगाम घातला. जून १९९९ मध्ये आलेल्या आरएफसी २६१६ या दस्तऐवजात, एचटीटीपी १.१ च्या नियमावलीत, एका वापरकर्त्याच्या ब्राउझरने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त कनेक्शन उघडी ठेवू नयेत, अशी स्पष्ट सूचना होती.

दोन! आजच्या पानांच्या हिशेबाने ही सूचना विनोदी वाटते. पण इंटरनेट एक्सप्लोररने ती वर्षानुवर्षं पाळली. मग लोकांनी पळवाटा काढल्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून कनेक्शनची कमाल मर्यादा वाढवण्याची युक्ती संगणकाच्या मासिकांतून छापून येत असे. संकेतस्थळवाल्यांची पळवाट अधिक धूर्त होती. मर्यादा 'एका सर्व्हरशी' अशी आहे ना? मग एकाच सर्व्हरला 'इमेज१', 'इमेज२', 'इमेज३' अशी तीन-चार नावं द्यायची. ब्राउझरला वाटतं सर्व्हर निराळे आहेत, आणि तो प्रत्येकाशी दोन-दोन कनेक्शन उघडतो. शेवटी ब्राउझरवाल्यांनीच सूचना झुगारली. २००८ च्या फायरफॉक्स ३ ने आणि २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने दोनाचे सहा केले. जुन्या एचटीटीपी १.१ वर आजही क्रोम आणि फायरफॉक्स सहाच वापरतात. नियमावलीतून तो आकडा २०१४ मध्ये काढून टाकण्यात आला, तेव्हा तो पाळणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं.

फायरफॉक्समध्ये तर हौशी लोकांसाठी आख्खं कोठार उघडं होतं. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' असं टाइप केलं की शेकडो अंतर्गत पर्यायांची यादी समोर येते. ती आजही येते, फक्त आधी एक सावधगिरीची सूचना दिसते. २००४-०५ च्या सुमारास 'फायरफॉक्स दुप्पट वेगवान करा' अशा मथळ्याचे लेख जगभर फिरत होते. सायबर कॅफे चालवणारे तर ही कृती तोंडपाठ असल्यासारखी करत. 'पाइपलायनिंग' चालू करा, एकत्र पाठवायच्या मागण्यांची संख्या ३० करा, आणि पान रंगवायला सुरुवात करण्याआधीचा विलंब शून्य करा.

या कृतीची चिरफाड करण्यात मजा आहे. ३० हा आकडा निव्वळ दिखाऊ होता, कारण त्या काळच्या फायरफॉक्सच्या कोडमध्येच कमाल ८ ची मर्यादा होती. तुम्ही ३० लिहा की ३००, तो आठच धरायचा. विलंब शून्य करण्याने पान लवकर दिसू लागे हे खरं. पण ब्राउझर मुळात पाव सेकंद थांबायचा तो थोडा मजकूर गोळा व्हावा आणि मांडणी पुन्हा पुन्हा करावी लागू नये म्हणून. शून्य केलं की तो अर्धवट पान रंगवायचा, मग पुसून परत रंगवायचा. पहिली अक्षरं लवकर, पूर्ण पान उशिरा, असा तो सौदा होता.

आणि पाइपलायनिंग? कल्पना उत्तम होती. एक फाइल मागायची, ती येईपर्यंत थांबायचं, मग दुसरी मागायची, यापेक्षा सगळ्या मागण्या एकाच कनेक्शनवर एकदम पाठवून द्यायच्या. पण नियम असा, की उत्तरं मागितल्या क्रमानेच यायला हवीत. उडप्याच्या हॉटेलात चार जणांची ऑर्डर एकदम घेतली, पण पहिल्याचा मसाला डोसा तव्यावरून उतरेपर्यंत बाकीच्यांचा चहासुद्धा टेबलावर ठेवायचा नाही, असा मालकाचा दंडक असावा, तसं. पहिली फाइल सर्व्हरला जड गेली की मागच्या सगळ्या अडकल्या. शिवाय वाटेतले कित्येक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, आणि जुने सर्व्हर अशा एकगठ्ठा मागण्यांनी गोंधळून जात आणि उत्तरांची अदलाबदल करत. म्हणून फायरफॉक्सने ही सोय कायम बंद ठेवली होती. लेख वाचून ती चालू करणाऱ्यांना कधीकधी एका चित्राच्या जागी दुसरंच चित्र दिसे आणि ते संकेतस्थळाला दोष देत. २०१७ मध्ये फायरफॉक्स ५४ मधून पाइपलायनिंग कायमचं काढून टाकलं गेलं.

तोपर्यंत मूळ दुखणं दुसऱ्या मार्गाने बरं झालं होतं. त्यासाठी एक हिशेब करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे मागणी जाऊन उत्तर यायला किमान सव्वाशे मिलिसेकंद हवेतच, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात. एक मागणी, एक फेरी. कनेक्शन जुळवायला एक फेरी वेगळी, ते कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करायला आणखी एक-दोन. यात तुमच्या जोडणीच्या 'एमबीपीएस'चा काही संबंध नाही. गुगलचे माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये मोजून दाखवलं होतं, की जोडणी ५ एमबीपीएसवरून १० वर नेली तर पान उघडण्याचा वेळ जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होतो. फेरीचा वेळ घटवला तर मात्र जवळपास त्या प्रमाणात फायदा मिळत जातो.

बेल्शी आणि रॉबर्टो पिऑन यांच्या स्पीडी या प्रयोगातून २०१५ चं एचटीटीपी/२ निघालं. त्यात एकाच कनेक्शनवर अनेक मागण्या जातात आणि उत्तरं कुठल्याही क्रमाने, तुकड्यातुकड्यांनी येतात. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ ने तर खालची जुनी टीसीपी वाहतूक बाजूला सारून क्विक ही नवी पद्धत आणली, कारण टीसीपीत एक पुडकं हरवलं तरी मागचं सगळं खोळंबायचं. आता 'किती कनेक्शन' हा प्रश्नच उरलेला नाही. संकेतस्थळांचं 'इमेज१, इमेज२' हे जुनं हत्यार तर उलटलं, कारण जास्त नावं म्हणजे जास्त नव्या फेऱ्या. वेगाच्या आकड्यांची ती सगळी सूत्रं ब्राउझरवाल्यांनी आपल्या हातातून काढून घेतली, ते योग्यच केलं, असं माझं मत आहे.

साठवलेल्या प्रतींचं प्रकरण जरा वेगळं. एकदा उतरवलेली फाइल ब्राउझर डिस्कवर ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. प्रश्न एवढाच, की ठेवलेली प्रत वापरण्याआधी सर्व्हरला विचारायचं का? इंटरनेट एक्सप्लोररमध्ये याचे चार पर्याय असत. दर भेटीला विचारा, ब्राउझर सुरू केल्यावर एकदा विचारा, आपोआप ठरवा, कधीच विचारू नका. शेवटचा पर्याय निवडून कालचाच क्रिकेटचा स्कोअर आज पाहणारे महाभाग कॅफेत भेटत असत. आज हा निर्णय सर्व्हर करतो. फाइलसोबत तो सांगतो, की ही इतके सेकंद ताजी समज. मुदत संपली की ब्राउझर विचारतो, 'माझ्याकडे अमुक खुणेची प्रत आहे, बदलली का?' सर्व्हर बहुतेक वेळा ३०४ हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ 'बदल नाही', आणि फाइल पुन्हा यायची गरज उरत नाही.

वापरणाऱ्याकडे उरल्या त्या दोन कळा. एफ-५ म्हणजे पान परत मागव, पण ठेवलेल्या प्रती धरून. कंट्रोल आणि एफ-५ म्हणजे ठेवलेलं काही मानू नकोस, सगळं ताजं आण. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी दोन्ही कळा ज्या जोमाने दाबल्या जातात त्याला तोड नाही. दुसरी कळ प्रत्येक वेळी बोधचिन्हापासून फाँटपर्यंत सगळं नव्याने ओढते आणि आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरला आणखी दमवते, हे लक्षात ठेवलेलं बरं. निकाल पाहायला साधं एफ-५ पुरतं. २०१७ मध्ये क्रोमने तेही हलकं केलं. आता साध्या रिलोडला तो फक्त मुख्य पानाबद्दल विचारणा करतो. चित्रं आणि बाकीच्या फायली नेहमीच्या नियमाने साठ्यातून घेतो.

कॅशमध्ये एक चोरवाटही होती. तुमच्या साठ्यात अमुक संकेतस्थळाचं चित्र आधीपासून आहे का, हे दुसरं एखादं संकेतस्थळ ते चित्र मागवून आणि वेळ मोजून ओळखू शकत असे. झटकन आलं, म्हणजे तुम्ही तिथे जाऊन आला आहात. म्हणून सफारीने २०१३ पासून, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये साठ्याचे कप्पे केले, ज्या संकेतस्थळावर फाइल आली त्याच्याच कप्प्यात ती राहते. त्याचा एक परिणाम मराठी वाचकापर्यंत पोचतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट शंभर संकेतस्थळं गुगलच्या एकाच सर्व्हरवरून मागवत असतील, तर पूर्वी तो एकदा उतरला की सगळीकडे चाले. आता प्रत्येक संकेतस्थळासाठी तो पुन्हा उतरतो. जोडाक्षरांच्या आकारांमुळे देवनागरी फाँटची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. आणि फाँट येईपर्यंत क्रोम व फायरफॉक्स सर्वसाधारणपणे तीन सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतात, मग नाइलाजाने संगणकातल्या फाँटमध्ये दाखवतात. गावाकडच्या डळमळत्या नेटवर्कवर बातमीचं पान आधी कोरं दिसतं ते यामुळे. संकेतस्थळाच्या तंत्रज्ञाने एका ओळीत 'फाँटची वाट पाहू नकोस' असं लिहिलं तर हे टळतं. वाचकाला स्वतःही उपाय करता येतो. फायरफॉक्सच्या फाँट-सेटिंगमध्ये पानांना स्वतःचे फाँट वापरू देण्याची खूण काढली की अक्षरं तत्काळ दिसतात. मात्र काही पानांवरची फाँटमधून येणारी बटणांची चिन्हं तेवढी नाहीशी होतात.

आता सर्वांत वादग्रस्त पर्याय, न मागितलेलं आधीच आणून ठेवणं. २००२ च्या मोझिलात ही सोय आली. पानाचा लेखक सुचवू शकत असे, की वाचक पुढे बहुधा इकडे जाईल, मोकळ्या वेळात ते पान उतरवून ठेव. इथवर ठीक. मे २००५ मध्ये गुगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं साधन काढलं, आणि ते लेखकाच्या सूचनेची वाट न पाहता पानावरच्या दुव्यांवर स्वतःच जाऊन यायचं. काही दिवसांतच बॅकपॅकसारख्या ऑनलाइन कामाच्या सेवा वापरणाऱ्यांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. झालं असं होतं, की 'ही नोंद पुसा' हाही त्या पानांवर एक साधा दुवाच होता. 'नक्की पुसायचं ना?' हा प्रश्न जावास्क्रिप्ट विचारायची, पण गुगलचं साधन जावास्क्रिप्टच्या वाटेला न जाता दुवा सरळ उघडायचं. भराभर दुवे उघडले आणि भराभर नोंदी पुसल्या गेल्या.

चूक कुणाची यावर तेव्हा खूप वाद रंगला. नियमावली गुगलच्या बाजूने होती. साध्या दुव्याने सर्व्हरवर काही बदलू नये, असं त्यात आधीपासून लिहिलेलं होतं. पण नियम मोडणारी निम्मी दुनिया समोर दिसत असताना असं साधन लोकांच्या हाती देणं हा शहाणपणा नव्हता. २००८ मध्ये गुगलने ते साधन बंद केलं. संकेतस्थळं बांधणारे मात्र त्यातून धडा शिकले आणि 'पुसा'चे दुवे हळूहळू नीट बटणांत बदलले.

कल्पना मेली नाही. आजच्या क्रोममध्ये 'परफॉर्मन्स' या दालनात 'प्रीलोड पेजेस' असा पर्याय आहे. तो बंद ठेवता येतो, 'स्टँडर्ड' ठेवता येतो किंवा 'एक्स्टेंडेड' करता येतो. आधीपासून तो स्टँडर्ड असतो. एक्स्टेंडेड केला तर जास्त पानं आधीच येतात, आणि काही वेळा ती गुगलच्या सर्व्हरमार्गे येतात, म्हणजे समोरच्या संकेतस्थळाला तुम्ही कोण हे कळत नाही. गुगलला मात्र तुमची वाट दिसते. फायरफॉक्सही दुव्यावर माउस नुसता रेंगाळला तरी त्या सर्व्हरशी कनेक्शन जुळवून ठेवतो. वेळ वाचतो, पण ज्या दुव्यावर तुम्ही क्लिक केलंच नाही त्या सर्व्हरलाही तुमचा आयपी पत्ता कळून जातो. मोजका डेटा असेल किंवा अशी ओळख द्यायची नसेल तर हे पर्याय बंद करावेत. फरक क्षणाच्या अंशाचा असतो, तो सोसवतो.

फायरफॉक्सचे त्या वेळचे डिझाइनर अ‍ॅलेक्स लिमी यांनी २०१३ मध्ये सेटिंगमधल्या घातक चौकटींवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, एखादी खूण चुकून काढली तर सगळं वेब मोडून पडतं आणि माणसाला कारणही कळत नाही, अशा चौकटी सर्वांसमोर कशाला ठेवायच्या? 'चित्रं आपोआप लोड करा' ही त्यांपैकी एक होती, 'जावास्क्रिप्ट चालू' ही दुसरी. त्याच वर्षी फायरफॉक्स २३ मधून दोन्ही गेल्या. ज्या चौकटीने मोडेमच्या काळात पैसे वाचवले ती वीस वर्षांत अपघाताची जागा ठरली. लिमींचं म्हणणं बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण चित्रं बंद करण्याची गरज ज्यांना होती ते लोक काही संपले नव्हते. ते तोपर्यंत मोबाइलवर गेले होते.

तिथे त्यांच्यासाठी नॉर्वेतल्या ऑपेरा कंपनीचा ऑपेरा मिनी होता. तो पान तुमच्या फोनवर उतरवतच नसे. कंपनीचा सर्व्हर ते उघडायचा, पिळून लहान करायचा आणि गठ्ठा फोनवर पाठवायचा. टूजीच्या फोनवर तो आपल्याकडे फार चालला. चित्रं कमी प्रतीची, मध्यम, उत्तम किंवा बंद, असा पर्याय त्यात वापरणाऱ्याच्या हातात होता. गुगलनेही क्रोममध्ये असाच 'लाइट मोड' दिला आणि मार्च २०२२ मध्ये, क्रोम १०० सोबत, तो काढून घेतला. कारण सांगितलं की डेटा स्वस्त झाला आहे. २०१६ नंतरच्या भारतात हे खोटं नव्हतं. पण दिवसाचा दीड जीबी संध्याकाळी संपल्यावर ६४ केबीपीएसवर येऊन पडलेल्या माणसाला ते पटवून पाहा. ६४ केबीपीएस म्हणजे मोडेमच्या काळातलाच वेग, आणि पानं मात्र आजची.

अशा वेळी काय उपलब्ध आहे? संगणकावरच्या क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज'खाली चित्रं बंद करण्याची सोय अजून आहे. फायरफॉक्समध्ये ती अबाउट:कॉन्फिगमध्ये आहे. 'परमिशन्स.डिफॉल्ट.इमेज' या नावापुढे १ असेल तर सगळी चित्रं, २ असेल तर एकही नाही, आणि ३ असेल तर फक्त मूळ संकेतस्थळाची, परक्याची नाहीत. हा तिसरा पर्याय मला फार हुशार वाटतो, तरी तो कुणाला ठाऊकच नाही. यूब्लॉक ओरिजिन या विस्तारात ठरावीक आकारापेक्षा मोठी चित्रं आणि चित्रफिती रोखण्याची सोय आहे. आधीपासून मर्यादा ५० केबीची असते. हवं ते चित्र क्लिक केलं की येतं, अगदी नेटस्केपसारखं. आणि जाहिराती व माग काढणारे कोड हा विस्तार मुळातच अडवत असल्याने सुरुवातीला मोजलेल्या त्या शंभर ओळींतल्या कित्येक ओळी आपोआप गळतात. काही न करताही थोडी मदत होतेच. फायरफॉक्स ५७ पासून माग काढणारी जावास्क्रिप्ट, शक्य असेल तिथे, सहा सेकंदांपर्यंत मागे ठेवली जाते, म्हणजे बातमीला आधी वाट मिळते.

उरला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. मागणी कुठल्या वाटेने जाते? कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहात ती बहुधा प्रॉक्सीमार्गे जाते. प्रॉक्सीचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने घालता येतो, किंवा संस्थेच्या एका छोट्या फाइलवर सोपवता येतो. १९९६ मध्ये नेटस्केपने आणलेली ही पद्धत आजही तशीच चालते. त्या फाइलमध्ये जावास्क्रिप्टचं एकच काम असतं. पत्ता द्या, तिने सांगावं की थेट जा किंवा अमुक प्रॉक्सीकडून जा. सुट्टीत घरी आलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर 'नेटच चालत नाही' अशी तक्रार असेल तर आधी हीच चौकट पाहावी. वसतिगृहाचा प्रॉक्सी घरी कुठून सापडणार? पण या फाइलवर विश्वासही तितकाच मोठा ठेवावा लागतो. २०१६ पर्यंत ब्राउझर तिला कुलूपबंद पानांचेही पूर्ण पत्ते दाखवत असत. परक्या वाय-फायवर कुणी लबाड फाइल पुढे केली तर ते पत्ते तिच्या हाती लागायचे. त्या वर्षी क्रोमने तिला फक्त सर्व्हरचं नाव दाखवायला सुरुवात केली. विमानतळ किंवा हॉटेलच्या वाय-फायवर 'प्रॉक्सी आपोआप शोधा' ही खूण काढून ठेवावी.

प्रॉक्सी नसला तरी सर्व्हरच्या नावाचा आकडी पत्ता कुणाला तरी विचारावा लागतोच. हे काम डीएनएसचं. पूर्वापार ही चौकशी उघड्यावर व्हायची, आणि तुमचा इंटरनेट पुरवठादार तुम्ही कुठे कुठे जाता याची यादी आरामात करू शकत असे. २०१८ मध्ये ही चौकशी कुलूपबंद वाटेने करण्याची रीत प्रमाणित झाली. फायरफॉक्सने २०२० मध्ये अमेरिकेत ती सर्वांसाठी आपोआप चालू केली आणि मोठा गदारोळ झाला, कारण सगळ्यांच्या चौकशा आता पुरवठादाराऐवजी मुख्यतः क्लाउडफ्लेअर या एका कंपनीकडे जाऊ लागल्या. आक्षेपात तथ्य आहे. इथे गुपित नाहीसं होत नाही, फक्त ते कुणाला सांगायचं हे बदलतं. शिवाय कनेक्शन जुळवताना सर्व्हरचं नाव बहुतेक वेळा अजूनही उघड जातं. तरीही ही निवड आपली आपण करावी अशीच आहे, कारण ब्राउझर ती तुमच्या वतीने करतो तेव्हा तो त्याच्या सोयीची करतो.

म्हणून वाचकाला एक विनंती. वेगाचे आकडे ब्राउझरवर सोपवा, त्यांना हात लावू नका. पण आज पाच मिनिटं काढून फायरफॉक्समधलं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस', क्रोममधलं 'युज सिक्युअर डीएनएस' आणि अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' या तीन जागा उघडून बघा, आणि तिथे कुणाचं नाव आहे ते वाचा. फायरफॉक्समध्ये सर्वांत कडक पातळी निवडलीत, तर सुरक्षित वाटेने पत्ता मिळाला नाही की पान थेट न उघडता आधी धोक्याची सूचना येईल. कार्यालयाच्या संगणकावर हा बदल तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नका, कारण संस्थेची अंतर्गत पानं बहुधा तिच्या स्वतःच्याच डीएनएसला माहीत असतात.